दुखत नाही, डॉक्टर

पेत्रोनिला सेर्नाकेच्या घरात लंगडायला बंदी होती. पडा, खरचटून घ्या, गुडघे फोडून घ्या, घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने धुऊन मिळेल. पण रस्त्यावरून येताना दोन्ही पाय सरळ पडले पाहिजेत. मुलांना वाटे आईला शेजाऱ्यांची लाज वाटते. तसं नव्हतं.

तिचा नवरा कासिमिरो इपानाके कापसाच्या शेतांवर रोजंदारीने जायचा. पहाटे फाट्यावर मुकादमाचा ट्रक येई. मुकादम खाली उतरत नसे, वरूनच माणसं न्याहाळी आणि बोट दाखवी: तू चल, तू चल, तू राहा. एकदा कासिमिरोच्या पायावर कापसाची गासडी पडली. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. पण दुसऱ्या दिवशी तो लंगडत फाट्यावर गेला आणि मुकादमाचं बोट त्याला ओलांडून पुढे गेलं. पाय बरा झाल्यावरही ते ओलांडतच राहिलं, कारण मुकादमाच्या डोक्यात तो आता लंगडा होता. त्या हंगामात पेत्रोनिलाने अंगणात मोठे माठ मांडून मक्याची चिचा आंबवायला आणि विकायला सुरुवात केली. पोरांना तिने एवढंच सांगितलं, "लंगडायचं असेल तर घरात. दार लावून."

तिन्ही पोरांपैकी हे मनावर घेतलं ते मधल्याने, आलिंदोरने. थोरली कुरकुर करायची, धाकटा तर साधा काटा रुतला तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा. आलिंदोर मात्र आठव्या वर्षी काचेवर पाय पडला तेव्हा नदीपासून घरापर्यंत ताठ चालत आला. मागे रक्ताचे ठिपके पडले होते, म्हणून कळलं. आपल्या गावी, काताकाओसच्या मैदानावर फुटबॉल खेळताना त्याला कुणी पाडलं की तो पडल्यापडल्याच उठलेला असायचा. ते पाहूनच पिउरा शहरातल्या एका संघाच्या माणसाने त्याला उचललं. तो माणूस पेत्रोनिलाच्या अंगणात चिचा पीत म्हणाला होता, "दोन्या पेत्रोनिला, पोराच्या पायात जादूबिदू काही नाही. पण ह्याला दुखतच नाही हो."

"दुखतं की," ती म्हणाली. "पण ते तुमचं काम नाही."

पुढची बारा-तेरा वर्षं आलिंदोर इपानाके डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून दुसऱ्या दर्जाच्या संघांतून खेळला. वर्तमानपत्रात नाव यावं इतका मोठा कधी झाला नाही, पण कधी घरीही बसला नाही. प्रशिक्षक त्याला 'खेचर' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत. एका हंगामात त्याच्या पायाचं बोट मोडलेलं होतं आणि ते त्याने हंगाम संपेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. मधे लग्न झालं, मोडलं. एकतिसाव्या वर्षी तो फिरून पिउरातच आला, उनियोन अल्गार्रोबो नावाच्या संघात, दोन हंगामांच्या करारावर. घोड्याला शेवटचं तबेल्याजवळ बांधतात तसं झालं, असं तो स्वतःच म्हणायचा. पेत्रोनिलाला बरं वाटलं. दर रविवारी सामन्यानंतर तो तिच्याकडे जेवायला यायचा आणि ती त्याला बकऱ्याचं मटण वाढताना त्याच्याकडे न बघता त्याच्या चालीकडे बघायची.

गुडघा गेला तो पहिल्याच हंगामात, डोंगरातल्या एका गावी. पाऊस पडून गेलेला, गवत निसरडं. पाय चिखलात रुतला आणि अंग वळलं. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो उठला आणि मध्यंतरापर्यंत खेळला.

संघाचे डॉक्टर लुदेन्या हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी एमआरआय काढून घेतला. अहवालात लिगामेंट अर्धवट फाटल्याचं आलं. अर्धवट फाटलेलं आराम आणि व्यायामाने भरून येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर दर गुरुवारी ते त्याला टेबलावर निजवत, गुडघा दुमडत आणि विचारत, "दुखतंय?"

"नाही, डॉक्टर."

"असं केल्यावर?"

"नाही, डॉक्टर."

आलिंदोर तेव्हा छताकडे बघायचा. संघ वरच्या दर्जाला जाण्याच्या शर्यतीत होता आणि शेवटचे सामने त्याला चुकवायचे नव्हते. दुखतंय म्हणणाऱ्याची जागा दुसरा घेतो, आणि एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. डॉक्टरांनी तो पूर्ण बरा असल्याचं लिहून दिलं. तो गुडघ्याला घट्ट पट्टी बांधून, संघाच्या मालिश करणाऱ्याने गुपचूप दिलेल्या गोळ्या घेऊन परत खेळला. संघ वर गेला नाही तो नाहीच.

हंगाम संपला, नवा प्रशिक्षक आला आणि येताना आपला डावा बचावपटू घेऊन आला. व्यवस्थापक तेमोचे यांनी आलिंदोरला वर बोलावलं, कॉफी दिली.

"आलिंदोर, तुला मोकळं करायचं ठरलंय."

"माझं अजून एक वर्ष आहे, सेन्योर."

"आहे ना. पण तू ठणठणीत आहेस. कुठेही खेळशील. जखमी असतास तर गोष्ट वेगळी होती. जखमी खेळाडूला आम्हाला हातही लावता येत नाही, बरा होईपर्यंत पोसावं लागतं. तू तर बरा आहेस. डॉक्टरांना तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं," आलिंदोर म्हणाला.

तो जिना उतरून सरळ आईकडे आला, अंगणातल्या बाकावर बसला, आणि उठता येईना. पेत्रोनिला माठ धूत होती. तिने हात पुसले, गिऱ्हाइकांना सांगितलं की आज चिचा संपली, आणि अंगणाचं दार लावून घेतलं.

"दाखव."

"काही नाही गं आई."

"दार लावलंय. दाखव."

त्याने पँट वर केली. गुडघा पपईसारखा झाला होता.

शहरातल्या हाडांच्या डॉक्टरने हाताने तपासूनच, लिहून काही न देता, सांगितलं की लिगामेंट आता अर्धवट राहिलेलं नसावं, पुरतं तुटलं असावं, आणि आतली गादीही गेली असावी. नवा एमआरआय काढा. शस्त्रक्रिया लागेल. तसंच खेळत राहिलात तर चाळिशीला जिना चढताना कुणाचा तरी हात धरावा लागेल.

त्या संध्याकाळी मायलेकांची जुंपली. पेत्रोनिलाचं म्हणणं सरळ होतं: गुडघा संघासाठी खेळताना गेला, तो संघाने दुरुस्त करून द्यावा. आलिंदोरला हे ऐकायचंच नव्हतं.

"सुयानाच्या संघाच्या प्रशिक्षकाचा फोन आला होता," तो म्हणाला. "विचारत होता, मोकळा आहेस का, बरा आहेस का. जानेवारीत ये म्हणाला."

"आणि तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मोकळा आहे. बरा आहे."

"ह्या पायाने?"

"अजून दोन हंगाम निघतील. पट्टी बांधून निघतात."

"आणि मग?"

"मग मग. आई, तक्रार केली की ते लिहिलं जातं. इपानाके जखमी आहे, इपानाके संघाशी भांडतो. मग सुयाना नाही, तालारा नाही, कुणी नाही. तूच शिकवलंस ना लंगडायचं नाही म्हणून?"

"तेव्हा पोटाचा प्रश्न होता."

"मग आता कसला आहे?"

तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः जेवली नाही.

शेवटी तोडगा निघाला तो असा की तक्रार करायची, कारण मुदत टळून गेली तर नंतर करता येणार नव्हती. पण गाजावाजा करायचा नाही, आणि सुयानाचं पक्कं झालं तर मागे घ्यायची. खेळाडूंच्या संघटनेच्या वकील नोएलिया आर्रेसे यांनी फोनवरून सगळं ऐकून घेतलं. त्यांना सगळे 'दोक्तोरा' म्हणत, तिकडे वकिलांनाही तेच म्हणतात. त्या म्हणाल्या, "नवा एमआरआय आधी काढा. त्यावाचून मी उभीच राहू शकत नाही. आणि आलिंदोर, तोपर्यंत घरात बसा. पळू नका, खेळू नका, कुणाला दिसू नका."

एमआरआयसाठी पोयादा करायची कल्पना पेत्रोनिलाच्या मैत्रिणीची, एउलालियाची. दोघी एकमेकींच्या पोरांच्या धर्ममाता, म्हणून एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. पोयादा म्हणजे आजाऱ्यासाठी सगळ्या गल्लीने मिळून घातलेलं जेवण. कोंबडी तळायची, बटाट्यासोबत ताटं विकायची, मग बिअर आणि नाच, आणि जे उरेल ते दवाखान्याला. गल्लीतल्या निम्म्या शस्त्रक्रिया अशाच झाल्या होत्या.

"कागदावर लिहू, 'आलिंदोरच्या गुडघ्यासाठी मोठी पोयादा'," एउलालिया म्हणाली. "वर त्याचा संघाच्या कपड्यातला फोटो."

"गुडघा लिहायचा नाही," आलिंदोर म्हणाला.

"मग काय लिहू? कोपर?"

"काहीच नको. सुयानाची माणसं इथे बाजाराला येतात."

बऱ्याच घासाघाशीनंतर 'आलिंदोरच्या तब्येतीसाठी' असं लिहायचं ठरलं. फोटोही साधा लावला, जुन्या ओळखपत्रावरचा, ज्यात तो जरा फिकट दिसत होता. इथेच सगळं बिघडलं.

गल्लीला वाटलं आलिंदोर चालला. गुडघा म्हटलं असतं तर लोकांनी दोन ताटं घेतली असती आणि घरी गेले असते. नुसती तब्येत, तीही एकतीस वर्षांच्या खेळाडूची, घरातले काही बोलत नाहीत, पोरगा दिवसेंदिवस बाहेर दिसत नाही. लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. कुणी म्हणालं रक्ताचा, कुणी म्हणालं पोटाचा. पोयादाच्या दिवशी एवढी गर्दी झाली की कोंबड्या दुपारीच संपल्या. शाळेतली त्याची बाई आली आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून रडली. एक म्हातारी पाद्र्याने आशीर्वाद दिलेली मेणबत्ती घेऊन आली, आणि ती त्याच्या उशाशी लाव म्हणून पेत्रोनिलाच्या हातात कोंबून गेली.

"ग्वा! हे काय चाललंय?" पेत्रोनिला एउलालियाला म्हणाली. "ह्यांनी माझ्या पोराला जिवंतपणी पुरलं."

"तूच सांग ना त्यांना की गुडघा आहे."

"सांगू नको म्हणतोय तो."

"मग त्याला उठून दाखवू दे. खुर्चीत बसलाय बघ कसा, फोटोतल्या संतासारखा."

वाद्यांवर तोंदेरो, रुमाल फिरवत जोडीने करायचा नाच, सुरू झाला. ज्याच्यासाठी पोयादा असते त्याने नाच सुरू करायचा, ही रीत. एरवी आजारी माणूस हात हलवून सुटतो. पण पेत्रोनिलाने पाहिलं की समोरच्या बाकावरच्या दोन बायका तिच्या पोराकडे बघून क्रूसाची खूण करताहेत. तिला ते सहन झालं नाही. तिने पदरासारखा खांद्यावर टाकलेला रुमाल काढला, चपला उडवल्या, अंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि हाक मारली, "आलिंदोर! ऊठ, मेल्यांना दाखव."

तो उठला. आईने एवढ्या लोकांत हाक मारल्यावर तो बसून राहणं शक्य नव्हतं. त्याने रुमाल फिरवला, टाच आपटली, ती पळत असताना तिच्याभोवती फेर धरला, जसा तो लहानपणापासून धरायचा. लोक उभे राहिले. ओरडत होते, टाळ्या पिटत होते. "मेलेला मुडदा बरा नाचतो की रे!" कुणीतरी ओरडलं. पेत्रोनिलाला एका वळणावर त्याचा चेहरा दिसला. चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि तिला ते काहीही नसणं ओळखता येत होतं. पण नाच थांबवायचा कसा हे तिला सुचलं नाही. तो संपेपर्यंत ती नाचली.

चित्रफीत एउलालियाच्या पुतणीने काढली आणि त्याच दिवशी फेसबुकवर टाकली. वर लिहिलं, 'आलिंदोर ठणठणीत! देवाचे आभार!'

दोक्तोरा आर्रेसे यांचा फोन आला तेव्हा पेत्रोनिलाने तो उचलला.

"बाई, तो नाचला?"

"एकच नाच, दोक्तोरा."

"मी म्हणाले होते कुणाला दिसू नका."

"लोकांना वाटत होतं तो मरतोय."

मग त्या म्हणाल्या, "एमआरआय आला का?"

आला होता. लिगामेंट पुरतं तुटलेलं, गादी फाटलेली. हाडाच्या डॉक्टरने हाताने जे सांगितलं होतं तेच यंत्राने सांगितलं. पेत्रोनिलाला वाटलं, झालं, आता आणखी काय दाखवायचं असतं.

सुनावणी लिमाला होती. पेत्रोनिला सोबत गेली. त्याने नको म्हटलं तरी गेली. बसस्थानकावर उतरल्यावर तो म्हणाला, "सुयानाचा पुन्हा फोन होता. आज संध्याकाळपर्यंत सांग म्हणतोय."

"काय सांगणार?"

"तिकडे काय होतं त्यावर. आणि आई, तू तिकडे बोलायचं नाहीस. नाचायचं पण नाहीस."

"मी कशाला नाचू?"

"तुझा भरवसा नाही," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला, पण थोडंच.

वाद ऐकायला तिघे जण बसले होते. मधले प्रमुख बेलाओचागा म्हणून, वयस्क, कान थोडे जड, सगळं दोनदा विचारणारे. संघातर्फे तिरादो नावाचे तरुण वकील होते. त्यांनी आवाज न चढवता चित्रफीत लावली. भिंतीवर पेत्रोनिलाला स्वतःचे अनवाणी पाय मोठे होऊन दिसले आणि तिने मान खाली घातली.

"ही कोण बाई?" बेलाओचागांनी विचारलं.

"खेळाडूची आई, सेन्योर."

"चांगली नाचते."

कुणी हसलं नाही. तिरादो पुढे म्हणाले, "आमचं म्हणणं एवढंच. आज या गुडघ्यात दोष आहे, हे आम्ही नाकारत नाही. त्यांचा एमआरआय खरा आहे. पण तो कधीचा? या नाचानंतरचा. आम्ही या खेळाडूला मोकळं केलं तेव्हा तो बरा होता. आमचे डॉक्टर दर आठवड्याला त्याला विचारत होते. त्याने दर वेळी सांगितलं, दुखत नाही. मोकळा झाल्यावर घरच्या जेवणावळीत नाचताना त्याने गुडघा मोडून घेतला, तर ते संघाने का भरावं?"

पेत्रोनिलाला ऐकताना पहिल्यांदा कळलं की तिने काय केलं होतं. ती उभी राहिली.

"मी ओढलं त्याला नाचायला. आधीपासूनच मोडलेला होता तो गुडघा, मी बघितलाय."

"बाई, बसा."

"पपईसारखा झाला होता."

"बाई, तुम्ही साक्षीदार नाही. बसा."

ती बसली. बेलाओचागा आलिंदोरकडे वळले. "तुम्ही सांगा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही दुखत नाही म्हणालात?"

"हो, सेन्योर."

"आणि आता म्हणता दुखत होतं."

"प्रश्न सोपा आहे," तिरादो म्हणाले. "तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

दोक्तोरा आर्रेसे हरकत घ्यायला उठल्या, पण बेलाओचागांनी हाताने थांबवलं. "उत्तर देऊ द्या."

पेत्रोनिलाला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललंय. तेव्हा बरा होतो, असं म्हटलं तर इथला दावा गेला. पण तो उद्या सुयानाला जाऊन पट्टी बांधून खेळू शकेल. तेव्हा खोटं बोललो म्हटलं तर ते इथे लिहिलं जाईल आणि देशातल्या प्रत्येक संघाला कळेल की हा माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. तो अगदी ताठ उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, आणि तिला ठाऊक होतं की उजव्या पायावर तेवढा भार देणं म्हणजे काय. त्याने क्षणभर मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिने काही खूण केली नाही. काय खूण करावी हे तिला खरंच कळत नव्हतं.

"तेव्हा खोटं बोललो," आलिंदोर म्हणाला.

"मोठ्याने बोला."

"तेव्हा खोटं बोललो, सेन्योर. दर गुरुवारी. जायच्या आधी गोळ्या घ्यायचो आणि मग जायचो. दुखतंय म्हटलं तर बाहेर बसवतात. आधीच्या संघांतही असंच बोललो. पायाचं बोट मोडलं होतं तेव्हाही. आमच्यात सगळेच बोलतात."

"गोळ्या कोण देत होतं?" तिरादोंनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

"ठेवू नका," आलिंदोर म्हणाला. "तुमच्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवा. पण दुखतंय. आत्ताही दुखतंय. मी बसू का?"

बेलाओचागांनी त्याला बसायला सांगितलं, दोन्ही बाजूच्या माणसांशी कुजबुजले, आणि दोन्ही पक्षांना मान्य अशा तिसऱ्या डॉक्टरने तपासणी करावी असा आदेश दिला.

तो डॉक्टर म्हातारा होता आणि कमी बोलायचा. त्याने एमआरआय बघून घेतला, मग मोजायची पट्टी घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. त्याच्या अहवालातलं एकच वाक्य पेत्रोनिलाला नीट समजलं आणि तेच पुरेसं होतं: उजव्या मांडीचा स्नायू फार वाळला आहे, आणि स्नायू एका नाचात वाळत नाही, त्याला महिने लागतात.

आलिंदोरला मोकळं करणं बेकायदा ठरलं. करार चालू राहिला. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे उपचार संघाच्या माथी आले. एउलालियाने गल्लीत साखर वाटावी तशी बातमी वाटली. दोक्तोरा आर्रेसे फोनवर म्हणाल्या की असे दावे दहात दोन जिंकले जातात, आणि त्यातही खेळाडू स्वतः कबूल करतो असा त्यांनी हाच पाहिला.

सुयानाच्या प्रशिक्षकानेही फोन केला, तेवढं त्याने केलं. "भल्या माणसा," तो म्हणाला, "तुझं वाईट वाटतं. पण तू माझ्याकडे आलास आणि मी विचारलं दुखतंय का, तर तुझ्या उत्तराचं मी काय करू?"

आलिंदोरने आभार मानले.

मग संघाच्या मैदानावर रोज सकाळी जाणं आलं. करार चालू म्हणजे हजेरी लावायची. इतर खेळाडू सराव करत आणि तो कुंपणाजवळच्या खोलीत एकटा व्यायाम करी. कुणी त्याला वाईट बोलत नसे; कुणी फारसं बोलतच नसे. मालिश करणारा एकदा आला, दार लोटून घेतलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. डॉक्टर लुदेन्या समोरून आले की दोघेही घड्याळाकडे बघत. हे सगळं आलिंदोरने आईला एका रविवारी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तिच्याशी तो लिमाहून आल्यापासून कामापुरतंच बोलत होता. रागावला होता असं नाही. पण तिच्या ताटातलं मटण आता तो मुकाट्याने खायचा, आणि तीही वाढताना त्याच्याकडेच बघायची, त्याच्या चालीकडे नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती त्याच्याआधी दवाखान्यात जाऊन बसली. त्याला हिरवा अंगरखा घातला होता, मागून उघडा, त्यामुळे तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

"हसू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे हसते आहे?"

"तोंड दाबून हसते आहेस."

तो खाटेवर बसला. बाजूच्या खोलीत कुणाचं तरी मूल रडत होतं आणि एक परिचारिका त्याला दटावत होती. पेत्रोनिलाने आलिंदोरच्या पायावर चादर ओढली. ती नीट होती तरी पुन्हा ओढली.

"आई."

"काय रे?"

"समजा, करून झाल्यावरही मला खेळता नाही आलं तर?"

"तर चालशील."

"चालण्याचा पगार कोण देतं?"

"कुणी नाही देत," पेत्रोनिला म्हणाली.

तो यावर काहीतरी बोलणार होता, पण चाकाची खाट घेऊन दोघे जण आले आणि नाव विचारू लागले. त्याने नाव सांगितलं. कुठला पाय, असं विचारल्यावर पेत्रोनिलानेच पुढे होऊन उजवा म्हणून सांगितलं, आणि खात्री व्हावी म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तिचा हात तिथून काढला नाही. मग ते त्याला आत घेऊन गेले, आणि ती बाहेरच्या बाकावर, दाराकडे तोंड करून बसली.